उपासनीकाका आणि दोन कॅमशाफ्ट

उपासनीकाका माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं : "फाटक नीट लागलेलं नाही."

मी आणि माझी बायको मुग्धा घर बघायला गेलो होतो. सांगली सोडून चंदीगडला येऊन जेमतेम महिना झाला होता. मोहालीच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं, की सेक्टर अडतीसमध्ये एक मराठी म्हातारे आहेत, वरचा मजला भाड्याने देतात, पण त्यांच्याकडे कुणी टिकत नाही. का टिकत नाही, ते पहिल्या पाच मिनिटांतच समजलं. मी मागे जाऊन फाटक लावलं.

"ढकललंत. लावलं नाहीत," काका व्हरांड्यातून म्हणाले. मग स्वतःच खाली उतरले, फाटक किंचित वर उचललं आणि कडीला तिच्या वजनाने पडू दिलं. टक् असा आवाज आला. "हा ऐकू आला की लागलं. करा बघू."

पगार किती, जात कुठली, मटण-मासे खाता का, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. माझ्याकडून फाटक लावून घेतलं, आवाज मनासारखा आला तशी मान हलवली आणि म्हणाले, "या वर."

मूळचे संगमनेरचे. एका सरकारी प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं बनवण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. केसाच्या जाडीचाही हिशोब ठेवायचा, असं ते काम. निवृत्तीनंतर कागद गेले, खुर्ची गेली, पण प्रयोगशाळेतला पांढरा कोट मात्र अंगावरून उतरला नाही. काकू आम्ही येण्याच्या आधीच गेल्या होत्या. कोटाच्या खिशात एक स्टीलची पट्टी, छोटा टॉर्च आणि फडक्याचा तुकडा. भाजीवाल्याने दुधी दिला तर आधी तो देठाकडून वाकडा आहे का बघायचे. चंदीगडमध्ये उभी हयात काढूनही हिंदी संगमनेरचीच राहिली होती. "मेरेको मत सिखाव, मैं करता ना," हे वाक्य आख्ख्या गल्लीला पाठ होतं.

आणि दुसरं एक वाक्य, मराठीतलं, आमच्या वाट्याचं : "जमलं म्हणजे बरोबर झालं असं नाही." मुग्धाने गॅसची नळी बदलली, मी बल्ब लावला, प्लंबरने तोटी बसवली, काका येऊन बघणार आणि हे म्हणणार. वाईट याचं वाटायचं, की दहातल्या आठ वेळा त्यांचंच खरं असायचं.

खाली पोर्चमध्ये त्यांची राखाडी गाडी उभी असायची. जुनी, चार दरवाजांची, पेट्रोलवर चालणारी. तिच्यात दोन कॅमशाफ्ट आहेत हे मला त्यांच्याकडूनच कळलं, आणि त्या काळात ही मोठी गोष्ट होती हेही. तेल ते स्वतः बदलायचे. त्यांच्या मुलीने, रेवाने, गाडी शिकली ती याच गाडीवर. रेवा मोहालीत नोकरी करायची आणि झिरकपूरला फ्लॅट घेऊन राहायची. मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलायची हिंदीत. बाप मराठीत ओरडतोय आणि मुलगी हिंदीत उत्तर देतेय, असं भांडण दर रविवारी आमच्या जिन्याखाली चालायचं. दोघांनाही त्यात काही विचित्र वाटत नसे.

त्या उन्हाळ्यात भांडणाचा विषय ठरलेला होता. गाडीच्या डाव्या अंगाला लांबलचक ओरखडा आला होता.

"बाबा, ये कैसे हुआ?"

"खांबाला घासली. फाटकाचा खांब सरकलाय."

"खंभा सरक गया? बाबा, वो सिमेंट का है!"

"जमीन खचते, रेवा. मोजून बघ."

रेवाचं म्हणणं, आता गाडी विकून टाका, हवं तिथे मी घेऊन जाईन. काकांचं म्हणणं, गाडी विकायची तर मला आधी स्मशानात पोहोचवा. यावर तिने हात जोडायचे आणि रागाने निघून जायचं. फाटक मात्र जाताना बरोबर लावून.

मग जूनमध्ये, भर दुपारी, झिरकपूरच्या पुलाखाली गाड्यांच्या खोळंब्यात काकांचं इंजिन तापलं. वाफ, वास, मागून हॉर्नचा गदारोळ. गाडी ओढून गॅरेजात न्यावी लागली. गॅरेजवाल्या सरदारजींनी झाकण उघडून बघितलं आणि सरळ सांगितलं, "अंकलजी, इंजन बैठ गया. छड्डो हुण, कबाडी नूं दे दो." सोडा आता, भंगारवाल्याला देऊन टाका.

माणसाला सांगितलं असतं की तुमचे थोडेच दिवस उरलेत, तरी तो एवढा दुखावला नसता. काकांनी गाडी घरी आणवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोटाची बटणं लावून इंजिन खोलायला बसले.

आता मी खरं सांगतो, पुढचे महिने आमच्या डोक्याला ताप होता. पोर्च एकच. माझी स्कूटर गाडीच्या मागे भिंतीशी अडकली ती अडकलीच. ती बाहेर काढायची तर वाटेतली लाकडी फळी, फळीवरची भांडी, भांड्यांतले बोल्ट, सगळं उचलायचं. आणि उचलायला काका हात लावू देत नसत. मी रिक्षाने ऑफिसला जायला लागलो. घरात रॉकेलचा वास मुरला. आमटीला सुद्धा तो यायला लागला, असं मुग्धा म्हणायची. एके दिवशी काका वर आले आणि तिला म्हणाले, "तुमच्याकडे आप्पेपात्र आहे का?"

तिला वाटलं, म्हाताऱ्याला आप्पे खावेसे वाटले. ती कौतुकाने म्हणाली, "आहे ना काका, मीच करून आणते."

"नको. नुसतं पात्र द्या."

संध्याकाळी मी बघितलं, तर आप्प्यांच्या प्रत्येक खळग्यात तेलाने माखलेली लोखंडाची एकेक वाटी बसवलेली. इंजिनातली प्रत्येक वाटी परत आपल्याच जागी जायला हवी, शेजारच्या जागी गेली की बिघडलं. म्हणून ही सोय. सोय उत्तम होती. मुग्धा मात्र त्या दिवशी जेवली नाही. नवीन आप्पेपात्र आणायला आम्ही सेक्टर बावीसच्या बाजारात गेलो तेव्हा ती वाटभर एकच म्हणत होती, "विचारलं असतं तर जुना तवा दिला नसता का मी?"

इंजिनाचा वरचा भाग, ज्याला हेड म्हणतात, तो तासून घ्यायला इंडस्ट्रियल एरियात गेला आणि पावसाळा संपता संपता परत आला. काकांनी तो जागेवर चढवला. इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. अडलं ते कॅमशाफ्टपाशी.

कॅमशाफ्ट म्हणजे हातभर लांबीचा दांडा. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की ते उंचवटे इंजिनाची दारं, म्हणजे व्हॉल्व्ह, ठरलेल्या क्रमाने उघडतात. असे दोन दांडे शेजारी शेजारी झोपवायचे, त्यांच्यावर लहान लहान टोप्या बसवायच्या, आणि त्या टोप्यांचे बोल्ट मधून कडेला, अर्धा अर्धा आटा करत, सगळे मिळून खाली आणायचे. घाई करून एकच बाजू आवळली तर दांडा मोडतो. मग दोन्ही दांड्यांच्या टोकांना असलेल्या चाकांवरच्या खुणा समोरासमोर, एका रेषेत आणायच्या आणि त्यांच्यावर दातेरी पट्टा चढवायचा. खुणा चुकल्या, तर व्हॉल्व्ह नको तेव्हा उघडे राहतात आणि खालून वर येणारे दट्ट्ये, म्हणजे पिस्टन, त्यांच्यावर आपटतात. हे सगळं मला काकांनी सांगितलं. मी शनिवारी दूध आणायला निघालो होतो. दूध राहिलं.

पहिल्यांदा बसवले तेव्हा दांडा फिरेना. काकांनी पान्ह्याने जोर लावला, तरी जागचा हलेना. त्यांनी ओतकाम करणाऱ्याला शिव्या दिल्या, हेड तासणाऱ्याला दिल्या, मग सगळे बोल्ट परत सोडवले. दोन टोप्यांची अदलाबदल झाली होती. टोपीवर बारीक अक्षर असतं, ती पुढच्या दांड्याची की मागच्या दांड्याची हे सांगणारं. काकांनी ते अक्षर टॉर्चखाली धरून वाचलं होतं. तरी चुकलं.

"अक्षर झिजलंय," ते म्हणाले.

मी वाकून बघितलं. अक्षर मला स्पष्ट दिसत होतं. पण त्या वेळी काकांना उलट बोलण्याची माझ्यात ताकद नव्हती. मला फक्त स्कूटर हवी होती.

त्याच दिवसांत पट्ट्यांचं प्रकरण सुरू झालं. खुणा एका रेषेत आहेत का हे बघायला काका चाकांवर स्टीलची पट्टी आडवी धरायचे. एक दिवस ती पट्टी त्यांनी पोर्चबाहेर भिरकावली. "वाकडी झालीये!" दुसरी आणली. तीही वाकडी. तिसरीसाठी दुकान बदललं. तीही वाकडीच निघाली तेव्हा ते दुकानदाराशी इतके भांडले, की त्याने पट्टी परत घेतली नाहीच, वर सांगितलं, "बाबूजी, आज के बाद आना मत." काका घरी येऊन मला म्हणाले, "माने, या देशात सरळ पट्टी बनत नाही आता. लिहून ठेवा."

मी आणि मुग्धा त्या संध्याकाळी वर बसून खूप हसलो.

दुसरा प्रयत्न ऑक्टोबरात. त्या वेळी मी घरीच होतो. काकांनी दोन्ही दांडे बसवले, पट्टा चढवला. पट्टा चढवताना दांडे आतल्या स्प्रिंगांच्या दाबाने उसळी मारतात; एका हाताने एक चाक धरावं तर दुसरं निसटतं. खरं तर हे दोन माणसांचं काम. मी म्हणालो, "काका, मी धरू का?"

"मेरेको मत सिखाव," ते माझ्यावरसुद्धा हिंदीत ओरडले, इतके ते घायकुतीला आले होते.

शेवटी जमलं. इंजिन आधी पान्ह्याने हळूहळू फिरवून बघायचं असतं, कुठे अडतंय का ते हाताला कळतं. हा नियम मला त्यांनीच पढवला होता. पण त्या दिवशी त्यांनी तो पाळला नाही. का, ते देव जाणे. थकले असतील, किंवा हाताला काही कळेल याचीच भीती वाटली असेल. ते थेट जाऊन गाडीत बसले आणि किल्ली फिरवली.

आतून आवाज आला तो मी विसरणार नाही. कुणी तरी लोखंडी कपाटात विटा टाकाव्यात तसा. मग शांतता. काकांनी किल्ली परत फिरवली नाही. ते स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मी दारापाशी गेलो तर समोर बघतच म्हणाले, "व्हॉल्व्ह वाकले."

हेड परत उतरलं, परत इंडस्ट्रियल एरियात गेलं. या खेपेला काका चिडले नाहीत, आणि तेच मला खटकलं. कोट घालून ते पोर्चमध्ये स्टुलावर बसायचे आणि फडक्याने तीच टोपी पुसत राहायचे. मुग्धाने डब्यात पोहे नेऊन दिले. डबा तसाच परत आला. "जमलं म्हणजे..." हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही. शेवटी मुग्धानेच रेवाला फोन केला.

पुढच्या रविवारी रेवा आली ती जुन्या कपड्यांत आली. केस वर बांधलेले. काका नको नको म्हणत असताना तिने बाह्या सरसावल्या. हेड आधीच आलं होतं. सकाळभर दोघांनी मिळून ते चढवलं, दांडे झोपवले, टोप्या लावल्या. त्या काळात जे भांडण झालं, ते वरपर्यंत ऐकू येत होतं.

"अर्धा आटा म्हटलं मी! अर्धा!"

"आधा ही किया, बाबा."

"मी ऐकलं. पाऊण झाला."

"कान से नापते हो क्या?"

मग एकदम आवाज थांबले. मी चहाचे पेले घेऊन खाली गेलो तेव्हा रेवा चाकांकडे वाकून बघत होती.

"बाबा, निशान आमने-सामने नहीं हैं. पीछेवाला नीचे है."

"बरोबर आहे तो. मी लावलाय."

"नहीं है. देखो ना."

"बघितलं! पट्टीने बघितलं. पट्टी वाकडी आहे म्हणून मी अंदाज धरून लावतोय."

"कौनसी पट्टी?"

"सगळ्याच. तो दुकानदार चोर आहे."

रेवाने फळीवरच्या दोन पट्ट्या उचलल्या. कडेला कड लावून दोन्ही आकाशाकडे धरल्या. मधून उजेडाची एक रेघ सुद्धा आली नाही. तिने एक पट्टी उलटी केली आणि परत धरली. परत तेच. मी पेले घेऊन तसाच उभा.

"बाबा," ती म्हणाली, आता आवाज खाली आणून, "ये सीधी हैं. दोनों."



रेवाने इकडे तिकडे बघितलं. समोर स्वयंपाकघराच्या खिडकीला लोखंडी गज होते. "बाबा, वो खिड़की के सरिये कैसे दिखते हैं?"

"वाकडे. रंगवाल्यांनी काढून परत लावले तेव्हापासून."

"बाबा, वो दीवार में गड़े हुए हैं. कभी निकले ही नहीं."

मला वाटलं आता स्फोट होणार. काकांनी हातातला पान्हा फळीवर ठेवला, त्याच्या नेहमीच्या जागी, नीट. मग स्टूल ओढून बसले. रेवा त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "एक आँख बंद करो."

त्यांनी उजवा डोळा झाकला. डाव्याने तिच्याकडे बघत राहिले, बराच वेळ.

"मैं दिख रही हूँ?"

"कान दिसतात. केस दिसतात." थोडं थांबून म्हणाले, "तोंड नाही दिसत."

रेवाचा हात त्यांच्या गुडघ्यावर होता, तो तसाच राहिला. मला तिथून निघून जायचं होतं, पण हातातले पेले कुठे ठेवावेत ते कळेना.

काका म्हणाले, "तीन पट्ट्या सारख्याच वाकड्या निघाल्या तर चूक पट्टीत नसते. एवढं कळतं मला, रेवा. जन्मभर तेच केलं. पण उन्हाळ्यापासून म्हटलं, गाडी एकदा माझ्या हाताने चालू झाली, की सिद्ध होईल की डोळे ठीक आहेत."

"और चलाते रहे? इन आँखों से?"

"हळू चालवायचो."

त्यावर ती उभी राहिली, पोर्चच्या टोकापर्यंत गेली आणि पाठमोरीच रडली. रडता रडता ती नुसतीच ओरडत होती, "हळू! हळू!" असं. हा एकच मराठी शब्द तिच्या तोंडून मी ऐकला.

दुसऱ्याच दिवशी ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत गेला होता. डाव्याचं जे गेलं ते गेलं. उजव्याला आत्ताच सुरुवात झाली होती, तो इंजेक्शनांनी धरून ठेवता येईल. गाडी चालवणं मात्र बंद. डॉक्टरांनी विचारलं, इतके महिने का आला नाहीत? काका म्हणाले, "गाडी बंद होती." हे त्यांनी घरी येऊन मला सांगितलं तेव्हा त्यांना त्यात विनोद दिसत नव्हता.

माणूस खचेल असं मला वाटलं होतं. काका खचले नाहीत, वैतागले. आणि असे वैतागले, की आधीचं सगळं त्यापुढे प्रेमळ वाटावं. डोळ्यात सुई टोचून घ्यायचा वैताग, थेंब टाकायचा वैताग, दुसऱ्याच्या गाडीत बसायचा वैताग. रेवाची छोटी गाडी वळणावर डोलते, तिच्या सीटला हाडं नाहीत, ती ब्रेक उशिरा लावते. रेवाही काही कमी नव्हती. "उतर जाओ फिर, पैदल आओ," असं ती भर चौकात म्हणायची. मुग्धा म्हणाली, यांचं बरं चाललंय.

इंजिन तसंच उघडं होतं. रेवा म्हणाली, गॅरेजवाल्याला बोलावू. काका म्हणाले, "बोलाव. मी तोवर खोलीत जाऊन पडतो, कायमचा." तिने कपाळावर हात मारून घेतला आणि परत बाह्या सरसावल्या.

या वेळी काका नखाने काम करत होते. चाकावरची खूण म्हणजे बारीकशी खाच, ते नख फिरवत फिरवत खाचेपाशी थांबायचे आणि सांगायचे, "इथे." रेवा बघून सांगायची, हो की नाही. दोन्ही चाकं तिने दोन्ही हातांनी आवळून धरली, काकांनी पट्टा चढवला. एकदा सुटलं. दुसऱ्यांदा पट्टा एक दात मागे बसला. त्यावर दोघांचं असं जुंपलं, की समोरच्या बंगल्यातल्या बाई गॅलरीत आल्या. पुन्हा सगळं सोडवलं. पुन्हा लावलं. मग काकांनी पान्हा लावून इंजिन हाताने फिरवायला घेतलं, डोळे मिटून. हळू. अगदी हळू. कुठेही अडलं नाही. रेवाने वाकून बघितलं आणि मान हलवली. काकांना मान हललेली दिसली की नाही, माहीत नाही. पण त्यांनी पान्हा काढून घेतला.

बाकीची जोडाजोड व्हायला आणखी काही रविवार गेले. फेब्रुवारीतल्या एका दुपारी, पोर्चमध्ये ऊन तिरकं आलं असताना, काका म्हणाले, "बघू."

सवयीने ते उजवीकडच्या दाराकडे गेले. दार उघडलं, आत बसले, सीट पुढे घेतली, आरसा किंचित फिरवला. रेवा किल्ली हातात घेऊन बाहेर उभी होती.   काकांनी दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवून बघितलं. मग ते उतरले. गाडीच्या पुढून वळसा घालून डावीकडे आले, पत्र्यावरून हात फिरवत. ओरखड्यापाशी बोटं जरा थांबली. डावीकडचं दार उघडून ते बसले आणि सीटचा पट्टा लावला.

"बस ना आता," ते रेवाला म्हणाले. "क्लच पूर्ण दाब. पूर्ण म्हणजे पूर्ण."

तिने किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा धुराचा लोट सोडला आणि मग लागलं. लागलं ते लागलंच. मुग्धा वरच्या गॅलरीतून टाळ्या वाजवायला लागली. रेवा हसत होती आणि नाक पुसत होती. काका मात्र डोकं एका बाजूला कलवून ऐकत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "चालेल." त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

गाडी मग रेवानेच चालवली. काकांना इंजेक्शनला न्यायला, भाजीला, कधी नुसतं सुखना तलावापर्यंत. आमची स्कूटर मोकळी झाली, तोवर तिची बॅटरी मेली होती.

त्याच वर्षी माझी पुण्याला बदली झाली. सामान ट्रकने गेलं. आम्ही विमानाने निघालो. टॅक्सी बोलावू दिली नाही. "रेवा सोडेल," काका म्हणाले. मी पुढे होऊन त्यांना नमस्कार करायला वाकलो तर म्हणाले, "ते विमानतळावर करा, आता उशीर होतोय."

एअरपोर्ट रोडवर नेहमीप्रमाणे खोळंबा होता. मला घाम फुटलेला. मुग्धा घड्याळ बघत होती. काका पुढे बसून रेवाला शिकवत होते, "दुसऱ्यात टाक, दुसऱ्यात. तिसऱ्यात कशाला ओढतेस तिला?" आणि रेवा दात आवळून चालवत होती. एअरोसिटीच्या चौकापाशी काका एकदम गप्प झाले.

"काय झालं काका?" मी विचारलं.

"आवाज येतोय. मागच्या दांड्याकडून. बारीक टकटक."

"कुछ नहीं आ रहा, बाबा."

"येतोय."

"फ्लाइट है इनकी!"

कसेबसे पोहोचलो. रेवाने गाडी थांबवली, मी बॅगा काढल्या. तिथे मिनिटभरही थांबू देत नाहीत. पहारेकरी शिट्टी वाजवत पुढे आला. तोवर काका उतरून गाडीच्या पुढे गेले होते आणि इंजिन चालू असतानाच त्यांनी झाकण वर केलं.

"अंकलजी, गड्डी हटाओ!"

"एक मिनिट. आवाज आता है."

मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. मी म्हणालो, "काका, आम्ही निघतो." त्यांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला, तो निरोपाचा होता की गप्प बसा म्हणून होता, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. नमस्कार राहिलाच.

रेवा तणतणत खाली उतरली. आता ती त्यांना ओढून गाडीत बसवणार, असं मला वाटलं. ती त्यांच्याशेजारी गेली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तशीच थांबली. मग तीही वाकली. केस मागे सारून तिने कान इंजिनाकडे नेला.

मुग्धा मला ओढत होती. काचेच्या दारातून आत जाताना मी शेवटचं मागे वळून बघितलं. झाकणाखाली दोघांची डोकी एकमेकांना टेकली होती. काका बोट दाखवत होते, रेवा मान हलवत होती. आणि पहारेकरी शिट्टी वाजवायचं सोडून, दोघांच्या मागे उभा राहून, टाचा उंचावून आत बघत होता.